हिंवाळा आणि डिझेलचा ट्रॅक्टर

कोंकणांत थंडी ती कसली, असें देशावरचा माणूस हंसून म्हणतो, आणि वरवर पाहतां त्याचें म्हणणें खोटें नाहीं. अलिबागच्या उत्तरेस दहा-बारा किलोमीटरांवर किहीम हें गांव आहे. पश्चिमेस समुद्र, किनाऱ्याला सुरूचीं बनें, त्यांच्यामागें नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांपलीकडे भाताचीं खाचरें, अशी त्याची मांडणी. डिसेंबर-जानेवारींत तेथील पहांटेचा पारा बहुधा १६ ते १८ अंशांच्या आसपास रेंगाळतो. रात्रीं जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दंवानें गवत भिजतें, म्हातारीं माणसें शेकोटीजवळ सरकतात. परंतु गोठत कांहींच नाहीं. समुद्राच्या पाण्यानें दिवसभर सांठविलेली ऊब त्या गांवाला रात्रभर सांभाळून घेते.

असें असूनहि हिंवाळ्याच्या सकाळीं बांधावर उभा असलेला ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर दोन-चार आचके देऊन गप्प बसतो, चालक घामाघूम होतो आणि भोंवतीं जमलेलीं माणसें एकेक उपाय सुचवूं लागतात, हें दृश्य त्या भागांत अपरिचित नाहीं. या खोळंब्याची किंमत मोठी असते. भात कापून झाल्यावर खाचरांत जी ओल उरते, तिच्याच जिवावर अलिबाग तालुक्यांतील शेतकरी वाल पेरतो. ज्या गांवांत पाण्याची थोडीफार सोय आहे तेथें याच सुमारास पांढऱ्या कांद्यासाठीं जमीन तयार करावी लागते. ओल कोणाची वाट पाहत नाहीं. चार दिवसांच्या उन्हानें आणि वाऱ्यानें खाचराची माती विटेसारखी होते व मग तींत पेरलेलें बीं उगवण्याची आशा राहत नाहीं. शिवाय लहान तुकड्यांच्या त्या मुलुखांत एकच यंत्र भाड्यानें दहा-पंधरा घरांचीं शेतें नांगरतें. तें एक दिवस रुसलें कीं खोळंबा एका घराचा होत नाहीं, सगळ्या रांगेचा होतो. म्हणून हिंवाळ्यांत डिझेलचें यंत्र कां अडतें आणि तें अडूं नये म्हणून काय करावें, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

यासाठीं प्रथम या यंत्राचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. पेट्रोलच्या एंजिनांत इंधन पेटविण्यासाठीं विजेची ठिणगी पाडतात. डिझेलच्या एंजिनांत ठिणगी नसते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक तापतें, हें प्रत्येक मुलानें अनुभवलेलें आहे. हवा दाबली कीं ती तापते, हाच तो नियम. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यानें या नियमाचा आधार घेऊन १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें आपलें यंत्र यशस्वीपणें चालवून दाखविलें. महाराष्ट्रांत किर्लोस्करांनीं १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें ऑइल एंजिनांचा कारखाना काढला. आजच्या ट्रॅक्टरांत सिलिंडरमधील हवा दट्ट्यानें मूळ जागेच्या सुमारें सतराव्या हिश्शांत कोंडली जाते. तिचें उष्णतामान पांचशें अंशांच्या वर चढतें, आणि त्या तापलेल्या हवेंत नोझलांतून डिझेलचा बारीक फवारा उडतांच तो आपोआप पेट घेतो. म्हणजे या यंत्राचा विस्तव उष्णतेपासूनच जन्मतो. जी थंडी ही उष्णता चोरते, ती त्याची वैरीण होते.

ही चोरी चार वाटांनीं होते. पहिली वाट हवेची. हवा आधींच थंड असली तर दाबल्यानंतरहि ती कमी तापते, आणि हा तोटा वाढत्या प्रमाणांत होतो. बाहेरच्या हवेंत २५ अंशांचा फरक पडला तर दाबाच्या शेवटीं तो हिशेबानें साठ-सत्तर अंशांपर्यंत जातो. दुसरी वाट लोखंडाची. रात्रभर निवलेलें सिलिंडर त्या तापलेल्या हवेची ऊब लगेच शोषून घेतें. तिसरी वाट वंगणतेलाची. थंड तेल काकवीसारखें दाट होतें, त्यामुळें एंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो व तें सावकाश फिरतें. सावकाश फिरलें म्हणजे दाबलेली हवा दट्ट्याच्या कड्यांच्या फटींतून निसटण्यास अवधि मिळतो, आणि उष्णता आणखी घटते. चौथी वाट बॅटरीची. बॅटरीमध्यें रासायनिक क्रियेनें वीज निर्माण होते, आणि थंडींत ही क्रिया मंदावते; शून्य अंशाला बॅटरीचा स्टार्टर फिरविण्याचा जोर सुमारें दोन-तृतीयांशच उरतो. एकूण काय, ज्या वेळीं यंत्राला अधिक जोर हवा, नेमका त्याच वेळीं बॅटरीचा हात आंखडतो.

किहीमच्या १६ अंशांना या चारहि गोष्टी सौम्य असतात. नव्या, निरोगी यंत्राला त्या जाणवतहि नाहींत. परंतु ज्या एंजिनाच्या कड्या झिजल्या आहेत, नोझलचा फवारा बिघडला आहे किंवा बॅटरी म्हातारी झाली आहे, त्याला एवढी थंडीहि पुरते. उन्हाळ्यांत झांकून राहिलेलें दुखणें हिंवाळा उघडें करतो. सकाळीं यंत्र सुरू न होणें हें पुष्कळदां थंडीचें लक्षण नसून जुन्या आजाराचें लक्षण असतें, हें ओळखलें म्हणजे निम्मा इलाज झाला.

सह्याद्रि ओलांडून देशावर गेलें कीं मामला बदलतो. नाशिक जिल्ह्यांत निफाडकडे डिसेंबर-जानेवारींत कडाक्याची थंडी पडते; कांहीं हिंवाळ्यांत तेथें पारा पांच अंशांच्याहि खालीं उतरलेला आहे. ऐन त्याच दिवसांत द्राक्षाचे घड भरत असतात. थंडीनें मणी तडकूं नयेत म्हणून बागाईतदार पहांटे बागेंत शेकोट्या करून धूर करतात, ठिबकानें पाणी सोडतात, आणि फवारणीचा ट्रॅक्टर भल्या सकाळीं बाहेर काढतात. तेथें वरील चार चोऱ्यांत पांचवीची भर पडते, ती म्हणजे डिझेलमधील मेणाची.

डिझेलमध्यें स्वभावतःच मेणासारखीं द्रव्यें विरघळलेलीं असतात. तेल निवत गेलें कीं तीं स्फटिकरूपानें वेगळीं होऊं लागतात. तेल प्रथम गढूळ दिसतें आणि मग हे स्फटिक फिल्टरच्या कागदावर बसून त्याचीं छिद्रें बुजवितात. थिजलेलें खोबरेल ज्यानें पाहिलें आहे त्याला हें निराळें सांगावयास नको. यासाठीं भारतीय मानकांत ऋतूप्रमाणें दोन मर्यादा घातल्या आहेत: हिंवाळी डिझेल निदान ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून जाऊं शकलें पाहिजे, उन्हाळी डिझेलला ही मर्यादा १८ अंशांची आहे. यांतून एक व्यवहाराचा धडा निघतो. एप्रिल-मे महिन्यांत भरून ठेवलेलें पिंप डिसेंबरांत निफाडच्या पहांटे वापरावयास काढणें योग्य नव्हे. तें तेल उन्हाळ्याच्या मापानें तयार झालेलें असतें. हिंवाळ्याचें तेल हिंवाळ्यांतच, आणि लागेल तेवढेंच आणावें. लडाखसारख्या प्रदेशांत तर नेहमींचें डिझेल निरुपयोगीच ठरतें. तेथील लोकांसाठीं इंडियन ऑइलनें नोव्हेंबर २०१९ मध्यें निराळें हिंवाळी डिझेल आणलें. तें उणें ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहतें.

आतां पुन्हां किहीमकडे वळावें. तेथें मेण बाधत नाहीं, परंतु तेथील खरा शत्रु दमटपणा आणि खारा वारा हा आहे. जून-जुलैंत चिखलणी आटोपली कीं यंत्र पडवींत किंवा ताडपत्रीखालीं उभें राहतें, तें थेट भातकापणीनंतर बाहेर येतें. या तीन-चार महिन्यांत अर्ध्या रिकाम्या टांकींतील हवेचें बाष्प रात्रीं थंड पत्र्यावर जमून थेंब थेंब डिझेलमध्यें उतरतें. पाणी डिझेलहून जड, म्हणून तें तळाशीं जाऊन बसतें, आणि एंजिनाकडे जाणारी वाट बहुधा तळाजवळच असते. पाणी व तेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतु वाढून काळसर बुळबुळीत गाळहि तयार होतो. इंजेक्शन पंप आणि नोझल यांचे भाग इतक्या काटेकोर मापाचे असतात कीं पाण्याच्या थोड्या गंजानेंहि ते अडकतात. बाहेरून खारी हवा बॅटरीच्या तोंडांवर पांढरट-हिरवट थर चढविते, आणि कुंभारीण माशी धुराड्यांत किंवा हवेच्या नळींत मातीचें घर बांधून जाते.

म्हणून कापणी चालू असतांनाच, यंत्राची गरज लागण्यापूर्वीं आठ दिवस, त्याची तयारी करावी. पहिलें काम इंधनाचें. टांकीच्या तळाची चकती सैल करून थोडें तेल कांचेच्या बाटलींत काढावें व तास-अर्धा तास उभें ठेवावें. तळाशीं पाणी दिसलें तर स्वच्छ तेल येईपर्यंत तें काढून टाकावें. फिल्टरखालच्या पाणी वेगळें करणाऱ्या वाटींतूनहि पाणी सोडावें. फिल्टर बदलला म्हणजे त्यांत हवा राहते. ती काढल्यावांचून एंजिन सुरू होत नाहीं. यासाठीं फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाची तरफ हलवीत राहावें, आणि बुडबुड्यांचा फेंस संपून अखंड तेल आलें कीं स्क्रू आंवळावा.

दुसरें काम वंगणतेलाचें. डब्यावर १५ डब्ल्यू ४० असे आंकडे असतात. त्यांतील डब्ल्यू हें अक्षर हिंवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर आहे. पहिला आंकडा थंडींतील दाटपणा दर्शवितो, दुसरा तापलेल्या एंजिनांतील. पहिला आंकडा जितका लहान तितकें तेल थंडींत अधिक पातळ. ज्या तेलाच्या डब्यावर नुसता ४० हा एकच आंकडा असतो, तें थंडींत फार दाट होतें. तथापि यंत्राच्या पुस्तिकेंत जें तेल सांगितलें असेल तेंच घालावें. शेजाऱ्याच्या यंत्राला चाललें म्हणून आपल्या यंत्राला चालेलच असें नाहीं.

तिसरें काम बॅटरीचें. प्रथम ऋण टोंकाची तार सोडावी, मग धन टोंकाची. खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून त्या पाण्यानें टोंकें घासून काढावींत. तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. कोरडीं झाल्यावर जोडणी घट्ट करून वर व्हॅसलिनचा हात द्यावा. जोडतांना क्रम उलटा, म्हणजे धन आधीं आणि ऋण शेवटीं. आंत शुद्ध केलेलें पाणीच घालावें, विहिरीचें कदापि घालूं नये. किनाऱ्यावरच्या विहिरीचें पाणी रेडिएटरलाहि चांगलें नव्हे. त्यांतील क्षार आंत थर धरतात. रेडिएटरांत घालावयाचें रंगीत शीतक द्रव्य थंड मुलुखांत गोठण्यापासून वांचवितें, आणि किहीमसारख्या ठिकाणीं गंजापासून वांचवितें. हिमाचल-लडाखकडे त्यावांचून गत्यंतर नाहीं, कारण पाण्याचें बर्फ होतांना तें सुमारें नऊ टक्के फुगतें आणि एंजिनाचें ओतीव लोखंड तडकवितें.

ही झाली ऋतूची तयारी. रोजची तयारी संध्याकाळीं करावयाची असते. काम संपल्यावर टांकी भरून ठेवावी, म्हणजे आंत हवेला व तिच्या बाष्पाला जागा उरत नाहीं. यंत्र उघड्यावर न ठेवतां आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून उभें करावें. धुराड्यावर डबी उपडी घालावी व सकाळीं ती न विसरतां काढावी. चाकांचा आणि नांगराचा चिखल ओला असतांनाच धुवावा. या कामाला पाऊण तासहि लागत नाहीं, पण सकाळचे दोन तास त्यानें वांचतात.

सकाळीं यंत्र सुरू करतांना गडबड करूं नये. आधीं वंगणतेल, पाणी आणि डिझेल पाहावें. गिअर मोकळा असल्याची खात्री करावी आणि क्लच पूर्ण दाबावा. त्यामुळें गिअरपेटींतील दाट तेल घुसळण्याचें ओझें स्टार्टरवर पडत नाहीं. ज्या यंत्राला हीटर आहे, त्याचा दिवा सांगेल तितका वेळ तो तापूं द्यावा. स्टार्टर एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांपेक्षां अधिक फिरवूं नये, आणि दोन प्रयत्नांमध्यें निदान अर्धा-एक मिनिट थांबावें. तेवढ्यांत बॅटरी दम घेते आणि स्टार्टरची तार जळत नाहीं. चार-पांच प्रयत्नांतहि यश आलें नाहीं तर पुन्हां पुन्हां तेंच करीत बसण्यापेक्षां कारण शोधावें.

हातानें फिरविण्याच्या लहान एंजिनाला दाब सोडण्याची एक तरफ असते. ती उचलून धरली म्हणजे सिलिंडरांतील हवा दाबली जात नाहीं व चाक सहज फिरतें. पुरेसा वेग आला कीं तरफ सोडतांच चाकाच्या जोरानें दाब निर्माण होऊन एंजिन पेट घेतें. हॅंडल धरतांना आंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीसारखा वळसा घालूं नये. एंजिनानें उलटा झटका दिला तर आंगठा अडकलेल्या माणसाचें मनगट मोडतें.

सुरू झाल्यावर लगेच नांगर टाकूं नये. वंगणाच्या दाबाचा दिवा विझला आहे हें पाहून दोन ते पांच मिनिटें मध्यम वेगानें यंत्र चालूं द्यावें आणि मग हलक्या कामानें आरंभ करावा. उलट, ऊब यावी म्हणून अर्धा-अर्धा तास रिकामें घुरघुरत ठेवणेंहि चूक आहे. थंड एंजिनांत पूर्ण न जळलेलें डिझेल सिलिंडरच्या अंगावरून खालीं उतरून वंगणांत मिसळतें, आणि नोझलवर काजळी धरते. यंत्राला खरी ऊब हलक्या कामानेंच येते.

कांहीं घातक संवयी मात्र कटाक्षानें टाळाव्या. टांकीखालीं जाळ करणें, हवेच्या नळींत पेटता बोळा धरणें, पंपावर उकळतें पाणी ओतणें, हे उपाय गांवोगांव सांगितले जातात. यांतला पहिला घर पेटवितो, दुसरा हात भाजतो, तिसरा पंप तडकवितो. हीटर असलेल्या एंजिनांत ईथरचा फवारा मारणें म्हणजे स्फोटाला आमंत्रण होय. डिझेल पातळ व्हावें म्हणून त्यांत रॉकेल मिसळण्याची युक्ति दिसावयास स्वस्त असते, परंतु पंपाचें वंगण डिझेलच करीत असल्यामुळें ती शेवटीं महाग पडते. निफाडसारख्या ठिकाणीं फिल्टर मेणानें बुजलाच, तर फिल्टर व नळी यांवर कोमट पाण्यांत बुडवून पिळलेलें फडकें गुंडाळावें, किंवा सरळ ऊन वर येण्याची वाट पाहावी. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं दार लावलेल्या पडवींत एंजिन कधींहि चालवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. तो माणसाला झोंप आणतो आणि त्या झोपेंतून उठूं देत नाहीं. थंडी लागते म्हणून दार ओढून घेणाऱ्या चालकास हें घरच्यांनीं बजावून सांगितलें पाहिजे.

यंत्राला वाचा नसली तरी धूर आहे. सुरू होतांना पांढरा धूर निघाला आणि मिनिट-दोन मिनिटांत विरला, तर तें थंड एंजिनांतलें न जळलेलें डिझेल होय. चिंतेचें कारण नाहीं. एंजिन तापल्यावरहि पांढरा धूर राहिला तर नोझल किंवा दाब यांत दोष समजावा, किंवा सिलिंडरांत पाणी शिरत असल्याची शंका घ्यावी. काळा धूर सांगतो कीं इंधन जास्त व हवा कमी होत आहे. तेव्हां एअर क्लीनर उघडून पाहावा. निळा धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे, कड्या झिजल्या आहेत. पहांटेच्या स्वच्छ हवेंत हे रंग जितके स्पष्ट दिसतात तितके दुपारीं दिसत नाहींत, म्हणून तपासणीला हिंवाळ्याची सकाळ उत्तम.

बैलाच्या काळांत किहीमचा शेतकरी संध्याकाळीं जनावरासमोर वैरण टाकल्याशिवाय, त्याच्या खुरांना हात लावून पाहिल्याशिवाय जेवावयास बसत नसे. सकाळीं जूं मानेवर ठेवतांना त्याला खात्री असे, कारण ती त्यानें आदल्या रात्रींच करून घेतलेली असे. गोठ्याच्या जागीं आज यंत्र उभें आहे. तें हंबरत नाहीं, म्हणून त्याची भूक व त्याचें दुखणें चटकन ध्यानांत येत नाहीं एवढेंच. ज्या घरांत संध्याकाळीं टांकी भरली जाते, तळाचें पाणी काढलें जातें आणि धुराड्यावर डबी पडते, त्या घरचा नांगर सूर्य उगवतांना मातींत असतो. आणि त्याच्यामागें रांगेंत उभ्या असलेल्या दहा घरांचा वाल ओल आहे तोंवर जमिनींत पडतो.